पिवळी खूण

“‘मेला’ म्हणायचं नाही, आई. पुन्हा पिवळं येईल,” कॅमेऱ्यामागून ताई म्हणाली.

आईने हातरुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. “मग काय म्हणू?”

“गेला म्हण. सोडून गेला म्हण.”

“बदली झाली म्हण,” खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. “म्हणजे कुणालाच त्रास नको.”

कुणी हसलं नाही. बाबाही नाही.

धाकटा, ताईचा भाऊ, उंच जागी चढायचा. पाण्याच्या टाक्या, अर्धवट इमारती, मनोरे. टोकावर उभा राहून कॅमेऱ्याकडे हात हलवायचा. लोक बघायचे, मधेमधे जाहिराती लागायच्या आणि त्या जाहिरातींवर हे घर चालायचं. बाबांच्या मूत्रपिंडांनी केव्हाच हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त दवाखान्यातल्या यंत्रातून धुऊन निघायचं, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसू शकायचे.

मग उंचीवरचे व्हिडिओ ते दाखवणाऱ्या कंपनीला चालेनासे झाले. बघून कुणी तसं करायला जाईल, म्हणे. कंपनीचं यंत्र एकेका व्हिडिओला पिवळी खूण लावू लागलं. पिवळी म्हणजे व्हिडिओ राहतो, जाहिराती जातात. धाकट्याने अर्ज केले, विनवण्या केल्या. पलीकडून ठरावीक दोन ओळी यायच्या.

त्याचा शेवटचा व्हिडिओ जुन्या पुलावरचा. चित्र हललं, आभाळ दिसलं, पाणी दिसलं, मग काहीच नाही. नदीत शोधलं, हाती काही लागलं नाही. कंपनीने तो दुसऱ्या दिवशी काढून टाकला, पण तोवर तो घरोघर पोहोचला होता.

त्यानंतर आई कॅमेऱ्यासमोर बसली. लग्नाच्या फोटोतही खाली बघणारी बाई. ती मुलाच्या आठवणी सांगू लागली आणि त्याला चढताना जितक्यांनी पाहिलं नव्हतं, तितक्यांनी तिला रडताना पाहिलं.

आता तिलाही पिवळं लागलं होतं. कारण दिलं होतं, धक्कादायक विषय. ताईने दाद मागितली होती. या वेळी कंपनीतलं माणूस स्वतः नवा व्हिडिओ बघणार होतं. त्याने नाही म्हटलं की चॅनेलचं दुकान बंद, आणि बाबांचा दवाखानाही.

“चल, पुन्हा,” ताई म्हणाली.

“तीन वर्षांचा होता,” आईने सुरुवात केली. “मी भांडी घासत होते. वळून बघते तर हा कपाटावर. वरून माझ्याकडे बघून हसतोय. म्हटलं, मेल्या, खाली उतर...”

ताईने कॅमेरा थांबवला.

“अगं, ते लाडाने म्हणतात.”

“मला कळतं. पण माणसाआधी कंपनीचं यंत्र ऐकतं, त्याला कळत नाही.”

“त्याला मी दुसरं काही म्हटलंच नाही कधी.”

“आता म्हण. माकडा म्हण.”

दार वाजलं. शेजारच्या काकू रिकामा डबा परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी दिवे पाहिले, कॅमेरा पाहिला आणि डबा टेबलावर जरा जोरातच ठेवला.

“चाललंय वाटतं पुन्हा. तुम्हाला बरं जमतं, वहिनी. माझ्या घरात असं झालं असतं, तर तोंडातून शब्द फुटला नसता.”

“रक्त उधारीवर धुऊन मिळत नाही, काकू,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला नाही बोलत मी, भाऊजी. पण पोराला विकायचं तरी किती? माझी मांजर पत्र्यावर अडकली की तोच काढून द्यायचा. आता मांजर ओरडली तरी मी खिडकी लावून घेते.” त्या दाराकडे वळल्या. “जाऊ द्या ना त्याला सुखाने.”

काकू डोळे पुसत निघून गेल्या.

“घे,” आई ताईला म्हणाली. “आताच घे.”

या वेळी ती अडखळली नाही. कपाट, वरून दिसणारे दुधाचे दात, खाली ओढताना हातात आलेला घामेजलेला पाय, सगळं सांगितलं. “माकडा” म्हणताना ती रडू लागली आणि मग थांबेना. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ताईने अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दवाखान्यातून आले ते भिंत धरतच. ताई फोन घेऊन दारातच उभी होती.

“हिरवं झालं. सगळ्या व्हिडिओंना. जाहिराती सुरू.”

बाबा खुर्चीत बसले.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं ताई वाचून दाखवू लागली. एका बाईने लिहिलं होतं, ‘माझाही मुलगा गेला. आमच्या घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. रोज तुमचं ऐकते, मग कामाला लागते. तुम्ही आहात म्हणून मी आहे.’

आईने ताईच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“हिला काय लिहू?” ताईने विचारलं.

“धीर धरा, असं लिही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

संध्याकाळी आईने ताट वाढलं आणि वर दुसरं ताट झाकलं. ताईने पुढच्या दाराला कडी घातली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. एका हाताने शिडी धरत आई माळ्यावर चढली. जुन्या गाद्यांच्या ढिगामागून धाकटा गुडघ्यांवर सरकत पुढे आला. उन्हाशिवाय त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“हिरवं झालं?”

“झालं.”

“मग मी खाली कधी यायचं, आई?”

आईने ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“आधी जेव,” ती म्हणाली. “आणि लहानपणीचं आणखी काही आठवत असलं तर सांग. माझ्याकडचं संपत आलंय.”