दारातला निरोप

मी फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत नापास झालो. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं धरू.

"मी तुझी मैत्रीण, हे माझं घर. दोन मिनिटांत मित्रासारखा निरोप घे आणि बाहेर पड," परीक्षक बाई म्हणाल्या. शेवटचा प्रश्न, फ्रान्समधल्या कॉलेजातला प्रवेश यावरच अडलेला. दाराच्या कडीला हात लावून मी म्हणालो, "आ प्ल्यूस!" म्हणजे, भेटू नंतर. बाईंनी समाधानानं मान हलवली.

आता फक्त बाहेर पडायचं. पण आमच्याकडे एका निरोपात आजवर कोणी गेलेलं नाही. घड्याळाकडे बघत मी फ्रेंचमध्ये विचारलं, "आई बरी आहे ना?"

बाई साताऱ्याच्या. त्या उठून दारात आल्या. "गुडघे रे तिचे," त्या फ्रेंचमध्येच कण्हल्या. मी तेल सुचवलं. त्यांनी भावजयीचा विषय काढला. घंटा वाजली. "वेळेत गेला नाहीस. शून्य," असं सांगून त्यांनी भावजयीचं पुढे चालू ठेवलं.

म्हणून महोदय, निकालाचा फेरविचार करताना दारात उभं राहण्यात गेलेला वेळ परीक्षेच्या वेळेत धरू नये, ही नम्र विनंती.