नावानिशी प्रार्थना

"प्रभू, आमच्या आसऱ्याला आलेल्या प्रमिला रणदिवे आणि तिच्या लेकीला सांभाळ," पाळक साळवे डोळे मिटून म्हणाले. अडल्यानडल्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, ही त्या चर्चची जुनी रीत होती.

उपासना संपल्यावर त्यांनी स्टँडवरचा मोबाईल काढला. बाकांवर जेमतेम चाळीस माणसं होती, पण मोबाईलवर उपासना सहाशे जणांनी पाहिली होती. चुकलेल्या माणसाला वाट सापडावी म्हणून व्हिडिओखाली चर्चचा पत्ता टाकायचा, हा त्यांचाच हट्ट होता. खुशीत ते एकेक प्रतिक्रिया वाचू लागले. आमेन, जोडलेले हात, पुन्हा आमेन.

मग एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"आमेन, पाळकसाहेब. दोन महिने बायकोला शोधत होतो. पत्ता दिलात, उपकार झाले. दुपारपर्यंत तिला न्यायला येतो."

प्रमिला समोरच गीतांची पुस्तकं गोळा करत होती. नवऱ्याने चटके दिलेला हात तिने आज पहिल्यांदाच पदराबाहेर काढला होता. पाळकांकडे पाहून ती हसली.

"साहेब, माझं नाव घेऊन देवाकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं."