ते मी ठरवते

“जोरात, वहिनी. एवढ्या हळू पाहुणी बोलते, मालकीण नाही.”

“मी.”

“मी काय?”

“कंपनी मी चालवते.”

दिराने टाळी वाजवली. पत्र्याच्या केबिनमध्ये ती उगाचच मोठी वाजली.

खिडकीबाहेर कुंपण. कुंपणापलीकडे खड्डा. रंगाच्या एका कारखान्याने बंद पडेपर्यंत आपली सगळी विषारी घाण त्यात पुरली होती, आणि आता सरकार ती उपसून काढत होतं. मुख्य कंत्राट एका बड्या कंपनीचं. पण त्यातला काही वाटा छोट्या उद्योगाला द्यायचाच, असा नियम. तो उद्योग मालकाने स्वतः चालवायला हवा, हाही नियमच. नवरा गेल्यावर कंपनी तिच्या नावावर झाली होती. चालवायचा दीर. ती अधूनमधून येऊन तो बोट ठेवेल तिथे सही करायची.

“आज खात्याचे साहेब येतायत,” दीर म्हणाला. “तुम्ही नुसत्या नावाच्या मालकीण आहात असा संशय जरी आला, तरी वाटा गेला. दादाने हाडाची काडं करून उभी केलेली कंपनी गेली. मग बसू दोघं हात चोळत.”

दादाचं नाव निघालं की ती कशालाही हो म्हणायची. दिराला ते ठाऊक होतं.

“पुन्हा. खड्ड्यात माणसं कोण उतरवतं?”

“माझ्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकत नाही.”

“वा! मास्कचा फिल्टर कधी बदलायचा?”

“प्रत्येक पाळीला नवा, असं सांगू का? मास्तर म्हणत होता...”

“खोलात शिरू नका, गोत्यात याल. म्हणायचं, ते मी ठरवते. बस.”

“ते मी ठरवते.”

“आणि मी कोण?”

“भावोजी.”

“अहो, साहेबांसमोर!”

“नोकर.” तिला हसू फुटलं. तोही हसला, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं.

केबिन त्याने आधीच आवरून ठेवली होती. दारावरची त्याच्या नावाची पाटी निघाली होती, तिथे नुसती भोकं उरली होती. त्याची खुर्ची आता तिची. एकच वस्तू आवरायची राहिली होती: खिळ्याला लटकणारी डब्याची पिशवी, कडेने निळ्या दोऱ्याने शिवलेली.

“ही मास्तरची ना?”

मास्तर त्यांचा सगळ्यात जुना कामगार. दिसेल त्याला शिकवत सुटायचा, म्हणून मास्तर.

“त्याचीच. मुलीकडे गेलाय आरामाला. खोकला थांबेना.”

“डबा इथेच टाकून?”

“वहिनी, साहेब डब्याचं विचारणार नाहीत.”

साहेब आले, पण रस्त्याच्या बाजूने नाही, खड्ड्याच्या बाजूने. बूट पिवळ्या चिखलाने माखलेले. सोबत एक तरुण बाई. तिचे डोळे लाल होते. इथल्या हवेत सगळ्यांचेच होतात.

“खात्याकडून आलोय,” साहेब म्हणाले.

“या ना, या. मी आपला साधा नोकर माणूस. सगळं वहिनींना विचारा.” दीर लगबगीने बाहेर गेला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

साहेब बसले नाहीत. पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही. मोठी माणसं अशीच, तिने मनाशी म्हटलं.

“कंपनी कोण चालवतं?”

“मी चालवते.”

आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

“खड्ड्यात माणसं कोण उतरवतं?”

“माझ्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकत नाही.”

“मास्कचे फिल्टर?”

“कधी बदलायचे, ते मी ठरवते.”

“तुमचे दीर काय करतात मग?”

“सांगितलेलं काम.” हे म्हणताना तिला चक्क गंमत वाटली. सासरी आल्यापासून तिचं बोलणं कुणी असं मधे न तोडता ऐकलं नव्हतं. ती सोबतची बाईसुद्धा नजर न हलवता ऐकत होती.

साहेबांचा आवाज जरा उतरला. “बाई, हे सगळं कुणी पढवून ठेवलेलं नाही ना? असेल तर आत्ता सांगा.”

“पढवायला मी काय लहान आहे?”

“बरं. गेल्या आठवड्यात खाली वास वाढला म्हणून माणसं काम सोडून वर आली होती. त्यांना परत खाली कुणी पाठवलं?”

हे तालमीत नव्हतं.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे दिराने सावकाश होकाराची मान हलवली. दादाने हाडाची काडं करून उभी केलेली कंपनी.

“मी,” ती म्हणाली. जोरात.

तिला वाटलं, जिंकलो. हुश्श करून ती खुर्चीत मागे टेकली.

“मग आमचा वाटा राहील ना, साहेब?”

“कसला वाटा?”

“छोट्या उद्योगाचा. त्याचीच चौकशी ना ही?”

“ते खातं वेगळं,” साहेब म्हणाले. “आम्ही शवागारातून आलोय.”

बाहेर मोटरसायकल सुरू झाली. तिने खिडकीकडे पाहिलं, तर तिथे कुणीच नव्हतं.

साहेबांनी खिळ्यावरची पिशवी काढली आणि सोबतच्या बाईच्या हातात दिली.

“या बाई मास्तरची मुलगी. वडलांना परत खाली कुणी पाठवलं, ते यांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”