कॅनवरची चिठ्ठी

"वजन नुसतं खाण्यानंच वाढतं असं नाही, मावशी. किडनीवरच्या ग्रंथीचं हार्मोन जास्त आहे का, ते डॉक्टरांना बघायचंय." लॅबमधल्या मंजुषानं गोजरबाईंच्या हातात मोठा कॅन दिला. "चोवीस तासांची लघवी यात जमवायची. फ्रिजमध्ये ठेवा अन् वर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी ओतून द्यायचं."

दोन दिवसांनी रिक्षाची अख्खी सीट एकटीनं भरून, कॅन मांडीवर धरून गोजरबाई वाळूजहून आल्या. कॅनवर वहीच्या कागदाची चिठ्ठी होती : 'आकाश, सुलेखा, पोरांनो, याला कुणी हात लावू नका.'

मंजुषा हसली. "भरलं घर दिसतंय! कुणी हात नाही ना लावला?"

"नाय बाई. लई ऐकतेत माझं."

मंजुषा चिठ्ठी फाडायला गेली, तसा गोजरबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. मला दे ती."

घरी येऊन त्यांनी सकाळी आपणच लावलेलं कुलूप काढलं, फ्रिज उघडला आणि एकटीपुरत्या कपभर दुधाच्या पातेल्यावर ती चिठ्ठी जपून चिकटवली.