शेवटच्या खोलीचं तापमान

औषधांच्या शीतगृहात शेवटच्या खोलीचं तापमान स्क्रीनवर दिवसभर चार डिग्री असायचं, फक्त जेवणाच्या सुट्टीत चढायचं. मी पॅनेलमधले कनेक्टर बदलले, जोड पुन्हा सोल्डर केले, केबल विकणाऱ्याला फोनवर झाडलं. फरक शून्य. शेवटी वैतागून त्या खोलीच्या सेन्सरच्या वायरच्या मागोमाग चालत निघालो. वायर स्टाफच्या फ्रिजमध्ये, डब्यांच्या मागे संपली.

वायरमनला बोलावलं.

"खोलीपर्यंत पुरली नाही, साहेब."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, काहीही कर, मला स्क्रीनवर चार दिसले पाहिजेत."

अख्खा उन्हाळा ती खोली कोणी उघडली नव्हती. मी किल्ली त्याच्यापुढे धरली.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.