हातभर अंतर

"आये, जरा हिकडं सरक की. दोघी जवळजवळ उभ्या ऱ्हावा," कृष्णात म्हणाला.

अंबूबाई सरकली नाही. लेकीची, बनूची उंची आणि लुगडं दोन्ही पुरतं दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. एकट्या पोरीचा फोटो परक्या घरी धाडायचा नाही, म्हणून तेवढी ती शेजारी उभी राहिली होती, तीही हातभर अंतर सोडून.

कॅमेरा नवा होता. पलटणीतल्या दोस्ताचा भाऊ जहाजावर नोकरीला, त्यानं परदेशातून आणलेला. चित्र स्पष्ट यायला त्याचं भिंग फिरवावं लागत नाही, तो आपला आपणच नेम धरतो, हे कृष्णातनं सुट्टीवर आल्यापासून अख्ख्या आष्ट्याला ऐकवून झालं होतं.

बनूच्या गालांवर लहानपणीच्या देवीचे व्रण होते. स्टुडिओतल्या फोटोत ते उठून दिसले आणि दोन स्थळं परत गेली. आताचं स्थळ शिरवळच्या कारखान्यातलं. सयाजी बिजवर होता, पदरात एक लहान मुलगी होती. तरी अंबूबाईचा सगळा जीव त्यात अडकला होता. हेही गेलं तर बनूचं काही खरं नव्हतं.

थोरली सून राहीबाईही फोटो बघायला अंगणात आली होती. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. शुभ कामाचा फोटो, त्यात तिची सावली नको, म्हणून अंबूबाईनं तिला लांब व्हायला सांगितलं. ती वैरण उचलून गोठ्याकडं गेली. कृष्णातला ते आवडलं नाही, पण आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. सरहद्दीवर उभं राहणाऱ्या माणसाचंही घरात असंच असतं.

सांगलीहून फोटो धुऊन आला तेव्हा कृष्णातचं तोंड उतरलं. मायलेकी दोघीही धुरकट. बरोबर मधोमध जे असेल त्यावर कॅमेरा नेम धरायचा, आणि मधोमध होती मोकळी जागा. मागचा गोठा तेवढा लख्ख आला होता. म्हशीच्या अंगावरच्या माश्या मोजून घ्याव्यात.

दुसरा काढू, असं तो म्हणाला. अंबूबाईनं फोटो उन्हात धरला, बनूचे गाल निरखले आणि हाच धाडायचा म्हणून सांगितलं. ही फसवणूक होईल, असं कृष्णात पुटपुटला.

"देवीनं दिलं, क्यामेऱ्यानं झाकलं," ती म्हणाली. "आपुन कशाला उघडं करायचं?"

थोड्याच दिवसांत निरोप आला. फोटो पसंत आहे, बघायला येतो.

सयाजी एका म्हाताऱ्या चुलत्याला घेऊन आला. माणूस शांत दिसला, चहाही बेतानं प्याला. बनू पाटावर येऊन बसली आणि दारातली उन्हाची तिरीप नेमकी तिच्या तोंडावर पडली. सयाजीनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. कृष्णातला लाज वाटली, बनूची नव्हे, स्वतःची.

सयाजीनं खिशातून फोटो काढला. "फोटोत हाय ती ही न्हवं," तो म्हणाला.

"हीच हाय," कृष्णात पुढं झाला. "क्यामेऱ्यानं घोटाळा केला. व्रणाचं आमी तुमाला आदीच सांगाय पायजे हुतं. चूक आमची हाय, तिची न्हाई."

"व्रणाचं काय न्हाई ओ." सयाजीनं फोटो त्याच्यापुढं धरला आणि दोघींच्या मधोमध बोट टेकवलं. "मी हिला बघाय आलोय."

गोठ्याच्या दारात, हातात वैरण घेऊन, राहीबाई सरळ कॅमेऱ्याकडं बघत उभी होती. धाडायच्या आधी फोटो घरात हातोहात फिरला होता, पण ती कुणालाच दिसली नव्हती.

"आवं, ती आमची थोरली सून," अंबूबाई कशीबशी म्हणाली. "तिचं कपाळ..."

"मोकळं हाय. दिसलंय मला," सयाजी म्हणाला. "म्हणून तर आलोय."