दोरीवरची लाल साडी

समोरच्या गच्चीवरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मावशींची लाल साडी आजही दोरीवरच होती. चित्रकारानं हुश्श केलं. करड्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, मळकट आभाळ. चित्रातलं सगळं निवांत शहर त्या एका लाल रंगानं तोलून धरलं होतं. चित्र पुरं होईपर्यंत ती कुणी काढू नये, एवढंच.

शेवटचा ब्रश फिरवताना खाली रुग्णवाहिका थांबली. मावशी कालपासून खोलीत पाय मोडून पडल्या होत्या. गावाहून आलेल्या मुलीनं दार फोडलं, तेव्हा कळलं.

दवाखान्यात तो खाटेजवळ जाऊन उभा राहिला. मावशींनीच त्याचा हात धरला.

“पडल्या जागेवरून तुमची खिडकी दिसत होती,” त्या म्हणाल्या. “हाक मारायला आवाज निघेना. पण तुम्ही सारखे इकडेच बघत होतात ना, म्हणून धीर होता मला.”